डोळ्यांत चुना अगर औषध उडाल्यास : पहिल्या अर्ध्या तासाचें काम

दसरा जवळ आला कीं खेडोपाडीं घरें सारवण्याची व भिंतींस चुना देण्याची घाई सुरू होते. बाजारांतून कळीच्या चुन्याचें पोतें येतें, परसांत एखादें जुनें पिंप ठेवून त्यांत कळ्या टाकतात आणि वरून पाणी ओतून चुना विरवितात. कांहीं वर्षांपूर्वीं आमच्या शेजारच्या घरीं असेंच काम चाललें असतां घरांतील १७ वर्षांचा मुलगा पिंपावर वांकून पाहूं लागला. कळ्या उकळूं लागल्या होत्या. एकदम फटकन आवाज झाला आणि उसळलेल्या चुन्याचा शिंतोडा त्याच्या उजव्या डोळ्यांत गेला. पोर ओरडत आंगणांत लोळूं लागलें. आई तांब्याभर पाणी घेऊन धांवली; तोंच ओटीवरून आजीबाई ओरडल्या, "अगं सूनबाई, डोळ्याला पाणी लावूं नकोस, डोळा जाईल त्याचा! तूप आण, तूप." आजीबाईंची मोतीबिंदूची शस्त्रक्रिया त्याच वर्षीं झाली होती व त्या डोळ्यास कांहीं दिवस पाण्याचा थेंबही लागूं देऊं नका असें डॉक्टरांनीं त्यांना बजावलें होतें. तोच नियम त्यांनीं नातवाच्या डोळ्यास लावला. त्यांत त्यांची माया होती. परंतु नियम चुकीच्या ठिकाणीं लागला. डोळ्यांत तूप घातलें, वर फडका बांधला आणि मोटारीची शोधाशोध सुरू झाली. ती शोधाशोध करणारांत आम्ही स्वतः होतों. परसांतल्या हौदांत पाणी भरलेलें होतें, तें आमच्या डोळ्यांपुढें होतें, आणि तें सोडून आम्ही वाहनासाठीं धांवत होतों.

तालुक्याच्या गांवीं पोंचावयास पाऊण तासाहून अधिक वेळ लागला. डॉक्टरांनीं पहिला प्रश्न विचारला तो हाच कीं, "डोळा किती वेळ पाण्यानें धुतलात?" आम्हां चौघां मोठ्या माणसांपैकीं एकासही उत्तर देतां आलें नाहीं. त्यांनीं तत्काळ मुलास आडवें निजवून बाटल्यांमागून बाटल्या सलाइन डोळ्यांत सोडलें, वरची पापणी उलटून तिच्याखालीं दडलेले चुन्याचे कण काढले, पुढें शहरांतील मोठ्या दवाखान्यांतही उपचार झाले. पण त्या डोळ्यावर जी पांढरी सारी आली ती आलीच. आज त्या मुलास त्या डोळ्यानें उजेड व अंधार एवढाच भेद कळतो. हा प्रसंग आम्ही लाजेनेंच लिहीत आहों. आमच्यासारख्या शिकल्यासवरल्या म्हणविणाऱ्या माणसास जें त्या वेळीं ठाऊक नव्हतें, तें या मासिकाच्या वाचकांस तरी ठाऊक असावें एवढ्याचसाठीं हा लेख आहे.

सांगावयाची मुख्य गोष्ट एकच आहे. डोळ्यांत चुना, आम्ल, खार, फवारणीचें औषध किंवा झाडाचा चीक, कांहींही उडालें तरी पहिला उपाय पाणी, तेंही त्याच क्षणीं, त्याच जागीं आणि भरपूर. वाहन त्यानंतर. दुसरा माणूस असेल तर त्यानें वाहन बोलवावें. परंतु पाण्याची धार थांबतां कामा नये. अशा अपघातांत डोळा राहील कीं जाईल हें बहुतांशीं पहिल्या कांहीं मिनिटांवर अवलंबून असतें, आणि तीं मिनिटें कोणत्याही डॉक्टराच्या हातीं नसून घरच्या माणसांच्या हातीं असतात.

असें कां, हें समजलें म्हणजे हात आपोआप पाण्याकडे जाईल. डोळ्याच्या काळ्या भागावर, घड्याळावर कांच असावी तसा, एक पारदर्शक पडदा असतो. त्याच्यांतूनच उजेड आंत जातो. या पडद्याचा वरचा थर झिजतो तसा पुनः भरून येतो, व तो भरून आणणारें बियाणें पडद्याच्या कडेस, जेथें काळें व पांढरें मिळतें त्या बांधावर असतें. वरचा थर थोडा जळला तर तो भरून येतो. परंतु बांधावरचें बियाणेंच जळालें तर नवा थर उगवत नाहीं, उलट पांढऱ्या भागांतील रक्तवाहिन्या व मांस पडद्यावर चढतें आणि कांच कायमची धुरकट होते.

आतां जाळणारे पदार्थ मुख्यतः दोन जातींचे : आम्ल आणि खार. सामान्य समजूत अशी कीं तेजाब भयंकर आणि चुना साधा. डोळ्यापुरतें पाहिलें तर बहुधा उलटें आहे. आम्ल डोळ्यास लागतांच तेथील मांसाचें, दुधांत लिंबू पिळल्यावर जशा गांठी होतात तसें, गोठण होतें, व हा गोठलेला थरच पुढील आम्लास कांहींसा आडवा येतो. (याचा अर्थ आम्ल निरुपद्रवी असा कोणी घेऊं नये, तीव्र आम्लानें डोळे गेलेलीं माणसें पुष्कळ आहेत.) खाराचें तसें नाहीं. तेल व कॉस्टिक सोडा एकत्र केला असतां साबण होतो हें वाचकांस ठाऊक आहे. डोळ्याच्या पेशींच्या आवरणांत स्निग्धांश असतो; खार त्याचा तसाच साबण करतो आणि वाट मोकळी होतांच आणखी आंत शिरतो. तीव्र खार कांहीं मिनिटांतच पडद्याच्या पार जाऊन डोळ्याच्या आंतील भागांपर्यंत पोंचतो. चुन्याची आणखी एक खोड अशी कीं, त्याचे बारीक कण पापणीच्या आंतील घडींत चिकटून बसतात व तेथून तासन् तास झिरपत राहतात. वरवर डोळा धुतला, आग थोडी कमी झाली, म्हणून आपण स्वस्थ बसावें आणि आंत कण आपलें काम करीतच असावेत, असें होतें.

यावर एक शंका हटकून निघते, व ती शेतकऱ्यानें काढावी हें योग्यच आहे. कळीच्या चुन्यावर पाणी घातलें कीं तो तापतो, उकळतो. मग चुना गेलेल्या डोळ्यांत पाणी घालणें म्हणजे आगींत तेल ओतणें नव्हे काय? शंका बरोबर, पण निष्कर्ष चूक. डोळा मुळांतच ओला असतो. चुना तेथें पडला त्याच क्षणीं अश्रूंशीं त्याची गांठ पडलेली असते. कोरडा ठेवूं म्हटलें तरी तो कोरडा राहत नाहीं. पिंपांतील चुना तापतो कारण तेथें चुना पुष्कळ व पाणी थोडें असतें. डोळ्यांत चुना चिमूटभरही नसतो, आणि आपण वाहती धार धरली तर जी कांहीं उष्णता होईल ती आणि चुना दोन्ही त्या पाण्याबरोबर वाहून जातात. मात्र दोन थेंब पाणी लावून थांबणें खरेंच वाईट. चेहऱ्यावर व पापण्यांच्या केसांवर चुन्याची कोरडी भुकटी बसलेली असेल तर ती मऊ फडक्यानें एकदां झटकून टाकावी. त्यांत क्षणापेक्षां अधिक वेळ घालवूं नये, आणि लागलीच धार धरावी.

शेतकऱ्याच्या घरीं व शेतावर ह्या वस्तु किती ठिकाणीं असतात याचा आम्ही एकदां विचार केला तेव्हां यादी वाटलें त्याहून लांब निघाली. भिंतीचा चुना झालाच. द्राक्षबागेंत आणि कोंकणांत सुपारीवरील कोळेरोगासाठीं फवारतात तें बोर्डो मिश्रण मोरचूद व चुना यांचें असतें. शेंकडा एक या प्रमाणांत १०० लिटर पाण्यास १ किलो मोरचूद व १ किलो कळीचा चुना लागतो. सुपारीच्या शेंड्याकडे तोंड वर करून फवारतांना तें परत तोंडावरच येतें. ठिबकाच्या नळ्यांत सांठलेले क्षार काढण्यासाठीं आम्ल सोडतात. ट्रॅक्टरच्या बॅटरींत गंधकाचें तेजाब असतें. विहिरींत टाकावयाची टी. सी. एल. पावडर, संडास धुण्याचें आम्ल, गटार मोकळें करण्याचा कॉस्टिक सोडा, धुण्याचा सोडा, हीं घरांतलीं. आणि तंबाखूबरोबर खाण्याचा चुना! पूर्वीं तो डबींत असे. आतां लहानशा प्लॅस्टिकच्या पुडींत मिळतो. ही पुडी लहान मुलांच्या हातीं खेळणें म्हणून पडते, मूल ती दाबतें, ती एका बाजूनें फुटते आणि आंतला चुना पिचकारीसारखा सरळ डोळ्यांत जातो. कित्येकदां दाबणाऱ्या मुलाचा डोळा वांचतो आणि शेजारीं बसलेल्या धाकट्या भावंडाचा जातो. आमच्या वाचकांपैकीं जे तंबाखू खातात त्यांस ती सोडा असा उपदेश करण्याचें हें स्थळ नव्हे. पण पुडी खुंटीवरच्या सदऱ्याच्या वरच्या खिशांत राहावी, ओटीवर पानाच्या तबकांत राहूं नये, एवढें तरी मान्य व्हावें.

झाडांचे चीकही याच सदरांत घालावेत. कुंपणास लावतात त्या शेराचा चीक डोळ्यांत गेल्यास भयंकर आग होते व दृष्टि कांहीं काळ मंदावते. रुईची गोष्ट निराळी व अधिक फसवी आहे. शनिवारीं मारुतीस माळ घालण्यासाठीं पुष्कळ लोक रुईचीं पानें तोडतात, देठांतून निघालेला पांढरा चीक बोटांस लागतो आणि तेंच बोट नकळत डोळ्यास जातें. रुईच्या चिकानें पुष्कळदां फारसें दुखत नाहीं. कांहीं वेळानें डोळ्यापुढें धुकें आल्यासारखें होतें, तरीही दुखत नाहीं म्हणून माणूस निजून जातो. दुखणें नाहीं म्हणजे इजा नाहीं असें डोळ्याच्या बाबतींत समजूं नये. हा चीक पडद्याच्या सर्वांत आंतल्या नाजूक थरास बाधतो. लौकर डोळा धुऊन उपचार झाल्यास तो बहुधा पूर्ववत् होतो.

आतां प्रत्यक्ष डोळा कसा धुवावा तें सविस्तर सांगतों, कारण 'पाणी मारा' म्हणणें सोपें असून तें नीट कसें मारावें हें बहुतेकांस माहीत नसतें. चेहऱ्यावर चार हबके मारले म्हणजे डोळा धुतला असें नव्हे. आग होतांच पापण्या घट्ट मिटतात. बाहेरून कितीही हबके मारले तरी आंत थेंब जात नाहीं. म्हणून दोन माणसें असावींत. जखमी माणसास खाटेवर अगर ओट्यावर आडवें निजवावें व ज्या डोळ्यांत गेलें असेल त्या बाजूस मान वळवावी, म्हणजे इजा झालेला डोळा खालीं व चांगला डोळा वर राहील. हें न केल्यास धुतलेलें पाणी नाकावरून ओघळून चांगल्या डोळ्यांत जातें व एकाचे दोन डोळे दुखावतात. एकानें आंगठा व बोट यांनीं दोन्ही पापण्या अलग धराव्या. पापण्या ओल्या होऊन निसटतात. बोटांस कोरडा स्वच्छ फडका गुंडाळला म्हणजे पकड राहते. बुबुळावर दाब देऊं नये, पापणी भुंवईच्या व गालाच्या हाडावर दाबून धरावी. दुसऱ्यानें तांब्यानें, वितीच्या आंतल्या उंचीवरून, नाकाकडील कोपऱ्यापासून कानाकडे वाहील अशी बारीक परंतु अखंड धार सोडावी. धार सरळ बुबुळावर आपटूं नये. जखमी माणसास वर पाहा, खालीं पाहा, डावीकडे, उजवीकडे असें सांगत राहावें, म्हणजे सगळ्या कोपऱ्यांत पाणी फिरतें. मधून मधून वरची पापणी केसांस धरून पुढें ओढावी व तिच्याखालीं धार सोडावी. खालची पापणी खालीं ओढून तेथेंही तसेंच करावें. चुन्याचा खडा किंवा कण दिसल्यास स्वच्छ ओल्या फडक्याच्या टोंकानें पापणीच्या आंतून टिपून घ्यावा. बुबुळावर चिकटलेला कण मात्र खरवडूं नये. तो डॉक्टरासाठीं ठेवावा व धार चालूं ठेवावी.

किती वेळ? घड्याळ लावून निदान २० मिनिटें. चुना, कॉस्टिक सोडा अगर तीव्र आम्ल असेल तर ३० मिनिटें किंवा त्याहून अधिक. हा वेळ फार लांब वाटतो. पांच मिनिटांत जखमी माणूस पुरे म्हणतो, दहा मिनिटांत ओतणाराचा हात भरून येतो आणि भोंवतालचे लोक 'आतां निघा' म्हणून घाई करूं लागतात. त्यांचें ऐकूं नये. मिनिटास एक तांब्या धरला तर २०-३० तांबे, म्हणजे सुमारें दोन हंडे पाणी लागतें. तेवढें कोणाच्याही घरीं असतें. दोन्ही डोळ्यांत गेलें असल्यास उताणें निजवून दोघांनीं दोन्हीं डोळ्यांवर धार धरावी. एकच माणूस असेल तर आळीपाळीनें, पण भरभर. एकट्यादुकट्यानें नळाखालीं डोकें वांकडें करून, किंवा हौदांत चेहरा बुडवून आंत पापण्यांची उघडझांप करूनही काम भागतें. मोटारीच्या पाइपाची जोरदार धार मात्र डोळ्यावर धरूं नये. तिचें पाणी तांब्यांत किंवा ओंजळींत घेऊन वापरावें. लहान मूल असल्यास त्यास हातांसह चादरींत गुंडाळून मांडीवर घ्यावें. तें रडेल, ओरडेल. त्या वेळीं दया येऊन हात थांबवणें हीच मोठी निर्दयता होय.

पाणी कोणतें? पिण्याचें स्वच्छ, साध्या गारव्याचें असेल तर उत्तम. ऊन ऊन घेऊं नये. पण शेतावर पिण्याचें पाणी संपलें असेल तर विहिरीचें घ्यावें, पाटाचें घ्यावें. गढूळ पाण्यानें पुढें डोळे येण्याची भीति आहे खरी. पण डोळे आले तर औषधानें बरे होतात, जळलेला पडदा होत नाहीं. फवारणीच्या पंपांतलें किंवा औषध कालवण्याच्या बादलींतलें पाणी तेवढें चुकूनही घेऊं नये. घरांतील एखादी तरुण व्यक्ति डोळ्यांत लेन्स घालीत असेल तर पाणी ओततां ओततां ती सहज निघाल्यास काढावी. तिच्यासाठीं धार थांबवूं नये.

जें करूं नये त्याबद्दलही दोन शब्द लिहिणें भाग आहे, कारण आपल्याकडे डोळ्याइतके घरगुती उपाय दुसऱ्या कोणत्याच अवयवाचे नसतील. डोळा चोळूं नये. तूप, तेल, लोणी घालूं नये. त्यानें चुन्याचे कण आंतच लिंपले जातात. अंगावरचें दूध, मध, गुलाबपाणी, कांद्याचा रस यांपैकीं कांहींही घालूं नये. चुना खार आहे म्हणून त्यावर लिंबू पिळावें, आम्ल उडालें म्हणून सोडा घालावा, असा विचार थोडेंसें रसायनशास्त्र शिकलेल्या मुलांच्या डोक्यांत येतो. तो परीक्षेच्या कागदावर ठीक आहे. डोळ्यांत तसें केल्यास उष्णता उत्पन्न होते व एका जळण्यावर दुसरें जळणें होतें. घरांत उरलेली, शेजाऱ्याच्या डोळ्यांसाठीं आणलेली थेंबांची बाटली वापरूं नये. कांहीं थेंब चुकीच्या वेळीं घातल्यास पडदा आणखी पोखरला जातो. डोळ्यावर घट्ट पट्टीही बांधूं नये.

डोळा धुऊन झाल्यावर, आराम वाटला तरी, त्याच दिवशीं डॉक्टरास दाखविलेंच पाहिजे; शक्य तर नेत्रवैद्यास. वाहनांतही पाण्याची बाटली घेऊन धार सुरू ठेवावी. तेथें डॉक्टर रंग बदलणाऱ्या कागदाच्या पट्टीनें अश्रूंतील खार अगर आम्ल शिल्लक आहे काय तें पाहतात व असल्यास पुनः धुतात. ज्या पुड्यांतून अगर बाटलींतून पदार्थ आला तो पुडा, निदान त्याचें नांव, बरोबर न्यावें. दुसरी एक गोष्ट लक्षांत ठेवण्यासारखी : लाल झालेला डोळा पाहून लोक घाबरतात व पांढरा दिसणारा डोळा पाहून निश्चिंत होतात. खारानें जळालेल्या डोळ्यांत हें पुष्कळदां उलटें असतें. फार जळालें म्हणजे तेथील रक्तवाहिन्याच बंद होतात, मग लाली येणार कोठून? पडदा धुरकट, भोंवतीं पांढरें फटफटीत आणि दुखणेंही कमी, असा डोळा सर्वांत वाईट समजावा.

फवारणीच्या औषधांचें प्रकरण येथेंच संपत नाहीं. डोळ्यांतून व कातडीवरून विष शरीरांत भिनतें. म्हणून डोळा धुतांनाच अंगावरचे भिजलेले कपडे काढून टाकावे, डोकें, मान व हात साबणानें धुवावे, आणि धुणारानें शक्य तर रबरी मोजे घालावे. धुतल्यानंतर मळमळ, ओकाऱ्या, तोंडास लाळ, अति घाम, डोळ्यांतील बाहुली टांचणीच्या टोंकाएवढी बारीक होणें, छातींत घुसमट यांपैकीं कांहीं दिसल्यास हा नुसता डोळ्याचा अपघात नसून विषबाधा आहे. १०८ क्रमांकास दूरध्वनि करून सरकारी रुग्णवाहिका बोलवावी. सन २०१७ मध्यें यवतमाळ जिल्ह्यांत कापसावर फवारणी करतांना शेंकडो शेतकरी व मजूर आजारी पडले व कित्येक दगावले, हें आपण विसरलों नसूं. पॅराक्वाट नांवाच्या तणनाशकाची तऱ्हा आणखी निराळी. तें डोळ्यांत गेल्यास पहिल्या दिवशीं किरकोळ चुरचूर होते आणि पुढें कांहीं दिवसांत डोळा वाढत्या प्रमाणांत बिघडतो. म्हणून 'काल उडालें होतें, आज बरें आहे' या बोलण्यावर विसंबूं नये.

प्रत्येक कीटकनाशकाच्या वेष्टणावर १९७१ च्या नियमांप्रमाणें रंगीत त्रिकोण छापलेला असतो : तांबडा अत्यंत विषारी, नंतर पिवळा, मग निळा, आणि हिरवा त्यांत सौम्य. त्याच वेष्टणावर किंवा आंतल्या पत्रकांत प्रथमोपचारही दिलेला असतो. आम्हीं कचेरींत आयुष्य काढलें असल्यानें छापील कागद पाहिला कीं वाचावयाची आम्हांस खोडच आहे. परंतु हें पत्रक दुकानांतून घरीं येईपर्यंत बहुधा वाटेंतच पडतें असा अनुभव आहे. पुडी सोडण्यापूर्वीं तें एकदां वाचावयास पांच मिनिटें लागतात.

सावधगिरीच्या गोष्टी थोडक्यांत लिहितों. चुना विरवितांना कळ्यांवर थोडें पाणी शिंपडूं नये. आधीं पिंपांत पाणी घेऊन त्यांत कळ्या थोड्या थोड्या सोडाव्या व लांब काठीनें ढवळावें, वांकून पाहूं नये. आम्लाचें तेंच : आम्ल पाण्यांत ओतावें, पाणी आम्लांत कदापि ओतूं नये. पंपाचें नॉझल तुंबल्यास तें तोंडासमोर धरून फुंकूं नये. वाऱ्याकडे पाठ करून फवारावें. डोळ्यांवर बाजूंनीं बंद असा प्लॅस्टिकचा चष्मा घालावा. त्यांत घाम येतो, कांच धुरकटते, म्हणून गडी तो कपाळावर चढवून ठेवतात. त्यांस रागें भरण्यापेक्षां दर तासास थोडी विश्रांति व चष्मा पुसावयास कोरडा फडका द्यावा, हें अधिक उपयोगी पडतें. आणि औषध कालवण्याच्या जागेपासून दहा पावलांच्या आंत स्वच्छ पाण्यानें भरलेला झांकणाचा हंडा व तांब्या ठेवावा. त्या हंड्याचें पाणी कोणी पिऊं नये, त्यांत हात बुडवूं नये, तो याच एका कामासाठीं असावा.

गेल्या पावसाळ्यांत आमच्या एका आप्तांच्या द्राक्षबागेंत बोर्डो मिश्रणासाठीं चुन्याची निवळी गाळतांना फडक्याची गांठ सुटली व एका मजूर बाईच्या दोन्ही डोळ्यांत पाणी उडालें. तिची जाऊ शेजारींच होती. तिनें कोणास विचारलें नाहीं, कीं ओरडून माणसें जमवलीं नाहींत. बाईस तशीच बांधावर आडवी पाडून, डोकें मांडीवर घेऊन, हंड्यांतील पाणी तांब्यामागून तांब्या आळीपाळीनें दोन्ही डोळ्यांत ओतीत राहिली. हंडा संपला तेव्हां गड्यानें विहिरींतून दुसरा आणला. मालक मोटार घेऊन आले तेव्हां जावेनें त्यांस सांगितलें, "दादा, जरा थांबा. अजून दहा मिनिटं व्हायची आहेत." मालक थांबले. दवाखान्यांत पट्टी लावून पाहिली तेव्हां खार शिल्लक नव्हता. पापणीखालचा एक कण तेवढा डॉक्टरांनीं काढला व चार दिवस थेंब घालावयास दिले. पंधरवड्यानें ती बाई पुनः त्याच बागेंत विरळणीच्या कामावर आली. द्राक्षाचे बारीक मणी कात्रीनें नेमके काढण्याचें तें काम चांगल्या दृष्टीवांचून होत नाहीं.